आधी पडायला शिकू दे

एप्रिल उजाडला, की साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागतात. पोहणे, स्केटिंग आणि चित्रकला यांच्या जोडीला कराटे, तायक्वांदो, ज्युदो, किकबॉक्सिंग, लाठीकाठी अशी नावे त्यांवर असतात आणि पाच ते आठ वर्षांचे मूल असलेल्या घरांत एकच चर्चा सुरू होते, ती म्हणजे याला किंवा हिला यंदा कशाला घालायचे. आमची लेक सहा वर्षांची आहे. तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले गृहस्थ आहेत आणि नातीने लाल मातीत उतरावे ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. नवऱ्याचा कल कराट्याकडे होता, कारण तो वर्ग घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर भरतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे या प्रश्नाकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी वेगळी होती. ती इथे सविस्तर मांडते, कारण ओळखीच्या अनेक आईवडिलांनी मला हाच प्रश्न विचारला आहे.

कोणती युद्धकला सर्वांत प्रभावी, कोणती ऑलिंपिकमध्ये आहे, कोणत्या खेळाचे दहावीला वाढीव गुण मिळतात, असे प्रश्न पहिल्या भेटीतच विचारले जातात. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे सारे प्रश्न दुय्यम आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वसंरक्षणाचा मुद्दाही या वयात फार ताणू नये. वीस किलो वजनाच्या मुलाचा ठोसा मोठ्या माणसाला रोखू शकत नाही. मोठ्याने ओरडणे, तेथून पळणे आणि घरी येऊन सांगणे हेच त्या वयाचे स्वसंरक्षण असते, आणि ठोसा मारता येतो म्हणून मूल थांबून राहिले तर त्याचा धोका वाढतोच. म्हणून मी निकष एकच ठेवला. पहिल्या दोन वर्षांत या कलेतून मुलाच्या शरीराला असे काय मिळेल, जे आयुष्यभर उपयोगी पडेल? माझ्या मते याचे उत्तर आहे पडता येणे.

हे मत माझ्या कामातून आले आहे. लहान मुलांच्या कोपरांवर मी नेहमी उपचार करते. दंडाचे हाड कोपराच्या अगदी वर, जिथे ते चपटे आणि पातळ असते, तिथे मोडणे ही लहान मुलांची नेहमीची दुखापत आहे आणि पाच ते सात ही वर्षे त्यासाठी सर्वांत जोखमीची मानली जातात. बहुतेक वेळा कारण एकच असते. मूल झोक्यावरून, सायकलवरून किंवा नुसतेच पळताना पडते आणि पडताना हात सरळ ताठ करून जमिनीला टेकवते. सगळा भार त्या ताठ हातावर येतो आणि हाड मोडते. प्लास्टर निघाल्यानंतर कोपर पुन्हा पूर्ण वाकेपर्यंत आणि सरळ होईपर्यंत त्या मुलाचे आणि त्याच्या आईचे जे हाल होतात, ते मी जवळून पाहते. हात टेकून स्वतःला सावरणे ही माणसाची उपजत प्रतिक्रिया आहे, आणि ती बदलायची असेल तर लहानपणी, खेळता खेळता आणि असंख्य वेळा पडूनच ती बदलावी लागते. हा सराव सुरुवातीपासून, पद्धतशीरपणे करून घेणारी कला म्हणजे ज्युदो.

ज्युदोची स्थापना जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत केली. ते पेशाने शिक्षक होते. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतील घातक डाव सरावातून वगळून उरलेल्या डावांची त्यांनी शिकवण्याजोगी मांडणी केली आणि पडण्याच्या तंत्राला, ज्याला उकेमी म्हणतात, तीत पायाचे स्थान मिळाले. हे तंत्र प्रत्यक्षात कसे शिकवतात, हे मी ज्युदोच्या एका वर्गात, हॉलच्या कोपऱ्यातील खुर्चीवर बसून पाहिले. मुलांना आधी गादीवर पाठीवर निजवले होते. हनुवटी छातीला लावून नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोके आपोआप जमिनीपासून वर राहते. मग दोन्ही हात शरीरापासून थोडे तिरके ठेवून तळव्यापासून दंडापर्यंत एकाच वेळी गादीवर आपटायचे आणि त्याच क्षणी श्वास सोडायचा. एवढे जमले की उकिडवे बसून मागे लोळायचे, मग उभे राहून, आणि त्यानंतर एका खांद्यावरून तिरके कोलांटत पुढे जायचे. एक छोटा मुलगा प्रत्येक वेळी मान मागे टाकत होता. शिकवणाऱ्या ताईंनी त्याला थांबवले, हनुवटीखाली घडी घातलेला रुमाल धरायला दिला आणि म्हणाल्या, "हा पडू द्यायचा नाही बघ." पुढच्या वेळी रुमाल जागेवर राहिला आणि मानही.

ज्युदो हा निर्धोक खेळ आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. खुद्द जपानमध्ये 1983 नंतरच्या तीन दशकांत शाळांमधील ज्युदोत शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाला आणि त्यात डोक्याच्या दुखापतींचा वाटा मोठा होता. 2012 पासून तेथील माध्यमिक शाळांत पारंपरिक युद्धकलांचे शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा या मृत्यूंवर तिथे फार गंभीर चर्चा झाली. पडण्याचा सराव पक्का नसलेल्या नवख्या मुलाला मागच्या बाजूला जोरात पाडले तर त्याचे डोके आपटते, हे त्यातील मुख्य सूत्र होते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, तर मानेचे स्नायू कोवळे असतात, त्यामुळे हा इशारा आपल्यालाही तितकाच लागू आहे. ज्या वर्गात पहिल्याच महिन्यात मुलांना एकमेकांना फेकायला लावतात, त्या वर्गात ज्युदो या नावाखाली काहीही शिकवत असले, तरी मूल घालू नये. गळा आवळण्याचे आणि सांधा पिरगाळण्याचे डावही या वयात अजिबात नकोत.

ताईंच्या त्या वर्गात मला आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटली. दाबून धरण्याच्या सरावात खालच्या मुलाने गादीवर किंवा जोडीदाराच्या अंगावर दोनदा थाप दिली, की वरच्याने त्याच क्षणी सोडायचे असते. एका थोराड मुलाने थाप मिळूनही क्षणभर पकड तशीच ठेवली. ताईंनी सगळा वर्ग थांबवला, त्या मुलावर आवाज चढवला नाही, पण दोघांना पुन्हा त्याच पकडीत बसवून थाप आणि सुटका एवढेच अनेक वेळा करून घेतले, आणि मगच पुढचा खेळ सुरू झाला. आपण "पुरे" म्हटले की समोरचा थांबतो आणि समोरच्याने "पुरे" म्हटले की आपण थांबायचे, हे मुलाच्या अंगात इतक्या लहानपणी मुरत असेल, तर त्यासाठी मी कितीही लांबच्या वर्गाला जायला तयार आहे.

आता कुस्तीकडे वळते, कारण आमच्या जिल्ह्यात राहून या विषयावर लिहायचे आणि तालमीला डावलायचे, हे शक्य नाही. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे होते, आणि त्यांना वडिलांनी वयाच्या पाचव्या वर्षीच कुस्तीची गोडी लावली होती. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांचे नाव तर आमच्या सासऱ्यांच्या बोलण्यात रोज एकदा येतेच. ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर घालून मुरवलेल्या लाल मातीचा हौदा हा पडण्यासाठी उत्तम पृष्ठभाग असतो, हे मी एक उपचारक म्हणूनही मान्य करते. मातीत अनवाणी चालण्याने घोट्याला आणि पावलाच्या लहान स्नायूंना जे काम मिळते, ते फरशीवर कधीच मिळत नाही. शिवाय तालमीचा खर्च वर्गांच्या तुलनेत फार कमी असतो आणि वस्ताद चांगला असेल तर तो मुलाच्या झोपेपासून खाण्यापर्यंत सगळ्याची काळजी घेतो.

तरीही पहिली पायरी म्हणून मी कुस्ती निवडली नाही. त्यामागचे कारण सासऱ्यांना समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. कुस्तीत पाठ टेकली की डाव संपतो, म्हणून पाठ वाचवणे हीच मल्लाची पहिली शिकवण असते. अंग उचलले गेले की मूल हवेतच वळते, पोटावर यायला पाहते आणि ते जमले नाही तर हात टेकवते. मोठ्या, तयार मल्लाच्या बाबतीत हेच कौशल्य असते, पण सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तीच ती कोपराची जागा असते. स्पर्धेतल्या ज्युदोतही पाठीवर पडणे म्हणजे हरणे हे खरे, परंतु तिथे सरावाचा आरंभ पडणे स्वीकारण्यापासून होतो. हे ऐकून सासरे म्हणाले, "म्हणजे आधी हरायलाच शिकवायचं म्हणतेस होय?" मी म्हटले, "अण्णा, सहाव्या वर्षी होय. दहाव्या वर्षी तुम्ही म्हणाल ते." त्यांनी त्यावर वाद घातला नाही. उलट, त्यांच्या काळी मोठ्या पोरांच्या अंगाखाली लहान पोरे कशी चेंगरायची आणि वस्तादांचे लक्ष नसेल तर कोणाचा हात कसा मोडायचा, हे त्यांनीच मला सांगितले. अनेक तालमींत आजही सहा-सात वर्षांच्या मुलांची वेगळी तुकडी नसते. वजनाची आणि वयाची जोड मिळत नाही, आणि मानेला झटके देणारे डाव मोठ्यांकडे बघून लहान मुलेही करू लागतात. ज्या तालमीत लहानांची स्वतंत्र वेळ आहे आणि वस्ताद स्वतः हौद्यात उतरून शिकवतात, ती घराजवळ असेल तर माझा हा आक्षेप बराचसा गळून पडतो.

योगायोगाची एक गोष्ट सासऱ्यांना फार आवडली. हेलसिंकीत खाशाबांच्या वजनगटात सुवर्णपदक जिंकणारे जपानचे शोहाची इशी हे मूळचे ज्युदोचे खेळाडू होते आणि महायुद्धानंतर कुस्तीकडे वळले होते. ज्युदोतून कुस्तीत जाता येते, हे सांगायला मला यापेक्षा चांगले उदाहरण सापडले नसते.

मुलींचा प्रश्न वेगळा लिहिते, कारण तो मला अनेक आया दबक्या आवाजात विचारतात. अनेक जुन्या तालमींत मुलींना प्रवेश नसे आणि काही ठिकाणी आजही नाही. परंतु चित्र बदलत आहे. 2023 मध्ये सांगलीत महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी जिंकली. त्या विजयानंतर आमच्या ओळखीच्या दोन घरांत, जिथे पूर्वी हा विषयही निघाला नसता, तिथे मुलींच्या कुस्तीची चौकशी सुरू झाली, हे मी स्वतः पाहिले आहे.

कराट्याविषयी माझे मत प्रतिकूल नाही. जपानच्या ओकिनावा बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी आंको इतोसू यांनी कराटे शाळांमध्ये नेले आणि विद्यार्थ्यांना झेपतील असे पिनान नावाचे पाच काता, म्हणजे हालचालींचे ठरावीक क्रम, रचले. गिचिन फुनाकोशी यांनी 1922 मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक केल्यानंतर ते जपानच्या मुख्य बेटांवर पसरले. ओळीत उभे राहून, आज्ञेवर एकत्र हालचाल करण्याची आजची पद्धत शाळकरी मुलांच्या मोठ्या गटांना सोयीची आहे, आणि म्हणूनच ती आपल्या मंगल कार्यालयांत आणि शाळांच्या गच्चीवर इतकी सहज रुजली. ज्या मुलाला डावे-उजवे चटकन समजत नाही, जे गर्दीत अंग चोरते किंवा ज्याला कोणी स्पर्श केलेला अजिबात आवडत नाही, त्याला काता फार उपकारक ठरतात. स्पर्शविरहित सराव असल्यामुळे दुखापतीही कमी होतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 च्या अहवालात लहान मुलांसाठी अशाच प्रकारांना झुकते माप दिले आहे. माझी अडचण एवढीच, की बहुतेक वर्गांत कडप्प्यावर किंवा सिमेंटवर सराव चालतो, त्यामुळे पडणे शिकवलेच जात नाही.

पट्ट्यांचा व्यवहार मात्र नीट समजून घ्यावा. कराट्यात अनेक शैली आणि त्याहून अधिक संघटना आहेत, आणि एका संघटनेचे प्रमाणपत्र दुसरीत ग्राह्य धरले जाईलच असे नाही. मासिक शुल्क कमी सांगून दर तीन महिन्यांनी परीक्षा, प्रमाणपत्र, पट्टा आणि शिबिर यांचे वेगळे पैसे घेणारा एक वर्ग मी पाहिला. त्याचे नाव घेत नाही. प्रवेशाआधीच वर्षभराचा सगळा खर्च कागदावर लिहून मागावा, आणि दहाव्या वर्षी काळा पट्टा मिळेल असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर तिथून निघावे. ऑलिंपिकच्या आशेने कराटे निवडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की टोकियोनंतर 2024 च्या पॅरिस स्पर्धेत ते नव्हते आणि 2028 च्या लॉस एंजेलिस स्पर्धेतही नसेल.

तायक्वांदो 2000 पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि लवचिकता व तोल यांसाठी उत्तम आहे, परंतु त्याच्या लढतीत डोक्यावरच्या लाथेला धडावरच्या लाथेपेक्षा अधिक गुण मिळतात. लहान मुलाने डोक्यावर आघात घेणे किंवा देणे मला कोणत्याही संरक्षक साधनासह मान्य नाही. त्यामुळे तो निवडायचा असेल तर लढती न करणारा वर्ग पाहावा. मुष्टियुद्ध आणि किकबॉक्सिंग या वयात नकोतच. लाठीकाठी आणि मर्दानी खेळ यांवर माझा जीव आहे, पण हातात लाठी देण्याआधी मुलाला स्वतःभोवतीचे अंतर समजायला हवे, आणि ते साधारण आठव्या-नवव्या वर्षानंतर येते.

कलेइतकाच, किंबहुना जास्तच, शिकवणाऱ्या माणसाचा विचार करावा. एक संपूर्ण तास, मधल्या विश्रांतीसह, बसून पाहावा. पालकांना बाहेर थांबवून दार लावून घेणाऱ्या एका वर्गातून मी लगेच परतले. तिथे नेमके काय चालते हे मला जाणून घ्यायचेही नव्हते. ज्युदो आणि कुस्ती या दोन्हींत अंगाला अंग लागते, म्हणून कोणता स्पर्श डावाचा आणि कोणता नाही, हे मुलाला घरी सोप्या शब्दांत आधीच सांगून ठेवावे, कपडे बदलण्याची जागा पाहावी, आणि मुलींच्या वर्गात बाई शिक्षक आहेत का हे विचारावे. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध 2012 चा पॉक्सो कायदा आहे आणि 1098 हा मदतीचा क्रमांक आहे, हे शिक्षकालाही ठाऊक असावे. असे प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे मूल पाठवू नये. आम्ही निवडलेल्या ताईंनी मी विचारण्याआधीच हा विषय काढला होता.

शिक्षेची पद्धतही पाहावी. उशीर झाला म्हणून लहान मुलांना पन्नास-पन्नास बैठका काढायला लावणे म्हणजे व्यायामाविषयी घृणा निर्माण करणे आहे. स्पर्धांची घाई हा दुसरा दोष आहे. 2022 मध्ये जपानच्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. जिंकण्याच्या हव्यासापायी लहान मुलांवर येणारा ताण आणि वजन घटवण्याचे प्रकार त्यांना थांबवायचे होते. ज्या देशात हा खेळ जन्मला, त्यांनी असा निर्णय घेतला असेल तर आपण सात वर्षांच्या मुलाला पदकासाठी रात्रीचे जेवण टाळायला लावू नये.

काही व्यावहारिक गोष्टी सांगते. नखे दर आठवड्याला कापावीत, कारण गादीवर आणि मातीत ओरखड्यांतूनच गजकर्ण आणि पुवाळलेल्या फोडांचा संसर्ग पसरतो. सराव झाल्यावर लगेच आंघोळ घालावी. ज्युदोचा अंगरखा फार जाड असतो आणि साताऱ्याच्या जुलैतल्या पावसात तो वाळता वाळत नाही. परवडत असेल तर दोन घ्यावेत, नाहीतर एखाद्या मोठ्या मुलाचा जुना मिळतो का ते पाहावे, कारण तो मऊ झालेला असतो आणि मुलाच्या मानेला कमी घासतो.

आमच्या लेकीने जूनमध्ये सुरुवात केली. अजून तिला कोणाला फेकायला शिकवलेले नाही आणि पिवळ्या पट्ट्याची परीक्षा डिसेंबरआधी होणार नाही, असे ताईंनी स्पष्ट सांगितले आहे, जे मला पूर्णपणे पटते. तिला स्कूटरवरून नेण्या-आणण्याचे काम अण्णांनी स्वतःहून घेतले असून वर्ग संपेपर्यंत ते तिथेच बसतात. गावाकडच्या यात्रेत फडाच्या सुरुवातीला लहान मुलांच्या नारळावरच्या कुस्त्या लागतात, त्यांत पुढच्या वर्षी नातीला उतरवायचे का, यावर मात्र आमची चर्चा अजून चालू आहे. यात्रेत पंच नजरेनेच जोड लावतात. माझी अट अशी आहे, की समोरही तिच्याच वयाची मुलगी असावी आणि दोघींचे वजन काट्यावर करून पाहावे. अण्णा पंचांशी बोलून बघतो म्हणाले आहेत.